डहाणूचे मोकळे अंगण

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी म्हणून ओळखली जाणारी लेणी आहेत. त्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कोरविलेला एक दानलेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या या लेखात त्याच्या दानधर्माची लांब यादी येते. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या. बागा, तलाव आणि विहिरी केल्या. त्यापुढे इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका अशी सहा नद्यांची नावे आहेत. या नद्यांवर त्याने प्रवाशांसाठी विनामूल्य नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर विसाव्यासाठी सभा व पाण्यासाठी पाणपोया उभारल्या. अभ्यासकांच्या मते यातील दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. याच लेखात नानंगोल गावच्या ३२,००० नारळींच्या दानाचाही उल्लेख आहे. ते गाव म्हणजे तलासरीच्या पश्चिमेस, आज गुजरातेत असलेले नारगोळ, असे मानले जाते.

डहाणूच्या सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी हा एक. त्यात राजवाडा नाही, तट नाही, लढाई नाही. मालाचे गाठोडे घेऊन आलेला व्यापारी, यात्रेकरू आणि वाटसरू यांनी नाव येईपर्यंत कोठे बसावे आणि काय प्यावे, एवढीच काळजी त्यात आहे. गुजरातीत ज्याला ‘परब’ म्हणतात ती पाणपोई आणि तिच्या शेजारची सावलीची जागा यांपासून या गावाच्या लिखित इतिहासाला सुरुवात होते. बाजारपेठेच्या गावाला मोकळी, कोणासही बसता येईल अशी जागा किती आवश्यक असते, हे त्या काळच्या दात्याने ओळखले होते. आज डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांत जमिनीचे भाव झपाट्याने वाढत असताना त्या जागांचा हिशेब पुन्हा एकदा मांडणे अगत्याचे आहे.

खाडी, किल्ला आणि स्टेशन

डहाणू हे नाव ‘धेनुग्राम’ या शब्दावरून आले असे लोक सांगतात. खाडीच्या मुखाशी किल्ला, त्याच्या आसऱ्याने वसलेली वस्ती आणि खाडीत येणारी गलबते असे जुन्या गावाचे रूप होते. पोर्तुगीजांच्या ताब्यातील हा मुलूख १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. पुढे १८६४ साली मुंबई, बडोदा आणि मध्य भारत रेल्वे मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. किनाऱ्यावरच्या जुन्या गावापासून पूर्वेस दूरवर ‘डहाणू रोड’ हे स्टेशन झाले आणि पेठेचा ओढा हळूहळू तिकडे वळला. समुद्राकडचे जुने डहाणू आणि रुळांलगतचे व्यापारी डहाणू अशी दोन गावे त्यातून निर्माण झाली. दोहोंच्या मध्ये वाड्या, भातखाचरे आणि खाजणे राहिली. या मोकळ्या पट्ट्यामुळेच डहाणू इतर स्टेशनगावांप्रमाणे घुसमटले नाही.

मोठ्या शहरांत असते तशी कुंपणबंद, कारंज्यांची प्रशस्त बाग हे डहाणूचे वैशिष्ट्य नव्हे. येथील लोकांची बाग म्हणजे समुद्रकिनारा. पारनाक्यापासून उत्तरेस नरपड, चिखले, घोलवड आणि बोर्डीपर्यंत वाळूचा आणि सुरूच्या झाडांचा पट्टा पसरलेला आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून किनाऱ्यावर फेरी मारणारी व्यापारी कुटुंबे, शाळकरी मुलांचे खेळ, आणि त्याच वाळूवर आपल्या होड्या ओढून ठेवणारे, जाळी दुरुस्त करणारे कोळी व मांगेला बांधव, असे सर्वांचे तेथे चालते. ज्याला फेरी मारावयाची त्याला किनारा विरंगुळ्याचा, तर ज्याचे पोट समुद्रावर आहे त्याला तो अंगण आणि कारखाना दोन्ही. ही दुहेरी मालकी कोणी कागदावर लिहून दिलेली नाही. पिढ्यान्पिढ्यांच्या समजुतीवर ती टिकून आहे.

आणखी एक जागा वर्षातून एकदाच जिवंत होते. डहाणूच्या पूर्वेस, महामार्गावरील चारोटीजवळ विवळवेढे येथे महालक्ष्मीचे देवस्थान आहे. चैत्री पौर्णिमेपासून सुमारे पंधरा दिवस तेथे यात्रा भरते. आदिवासी कुटुंबे दूरदूरच्या पाड्यांवरून येतात. भांडी, कपडे, बांगड्या, शेतीची अवजारे यांच्या पालांचे एक तात्पुरते शहर उभे राहते आणि यात्रा संपताच जमीन पुन्हा मोकळी होते. पेठेतील दुकान आणि पाड्यावरचे गिऱ्हाईक यांची ओळख दुकानाच्या उंबऱ्यावर होण्याआधी अशा उघड्या माळावरच झालेली आहे. आठवडी बाजाराचेही तेच. छप्पर नसलेली, भिंत नसलेली ती जागा हीच या प्रदेशातील व्यापाराची मूळ गादी आहे.

कुरण

डहाणू–तलासरी–पालघर पट्ट्यातील सर्वांत विस्तीर्ण मोकळी जागा म्हणजे कुरणे. पावसाळा संपला की डोंगरउतारावर पुरुषभर उंचीचे गवत उभे राही. ते कापून, दाबून, गठ्ठे बांधून रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांकडे जाई. मुंबईची घोडागाडी आणि मुंबईचे दूध दोन्ही या गवतावर चालत. गवताबरोबर इमारती लाकूड आणि कोळसा यांचाही व्यापार होता. स्टेशनच्या पेठेत जी सुबत्ता आली तिचा मोठा भाग या मोकळ्या रानातून आला, हे विसरता येत नाही.

त्या सुबत्तेची दुसरी बाजूही विसरण्याजोगी नाही. गवत कापणारा वारली वेठीला बांधलेला होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोला जन्मभर मालकाकडे राबावे लागे. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारली एकत्र आले आणि वेठ न करण्याचा निर्धार त्यांनी केला. त्या वर्षी गवतकापणीच्या हंगामात ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळावी, या मागणीसाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचा मृत्यू झाला. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा इतिहास लिहिला. त्या पुस्तकास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मुंबईत घोडागाड्या कमी होत गेल्या तसा गवताचा व्यापारही ओसरला. पण त्या काळाने ठेवलेला प्रश्न अजून शिल्लक आहे. मोकळे रान ज्याच्या नावावर आहे त्याचे, की जो त्यावर घाम गाळतो त्याचेही? श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी जैन कुटुंबांत लहानपणापासून कानावर पडते. तीत कोळसे पाडणे, वन तोडणे, रानाला आग लावणे आणि तलाव आटविणे या व्यवसायांचा उल्लेख स्पष्ट आहे. ज्या पूर्वसूरींनी ही यादी केली त्यांना व्यापार वर्ज्य नव्हता. कोणत्या नफ्यामागे कोणती हानी उभी असते याचा हिशेब त्यांना हवा होता. डहाणूसारख्या पेठेत हा हिशेब पोथीत ठेवण्याचा नसून वहीत मांडण्याचा आहे.

वाडी

घोलवडमध्ये १८९८ च्या सुमारास चिकूची पहिली लागवड झाली असे सांगितले जाते. विसाव्या शतकात इराणी व पारशी बागायतदारांनी, तसेच अन्य समाजांच्या शेतकऱ्यांनी डहाणू ते बोर्डी या पट्ट्यात वाड्यांचा विस्तार केला. डहाणू रोडचा इराणी रोड त्या वसाहतीची खूण सांगतो. काळीपत्ती जातीचा येथील चिकू देशभर जाऊ लागला आणि २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळाले.

चिकूची वाडी ही खासगी मालमत्ता. तिला कुंपण असते, राखणदार असतो. तरीही गावाच्या आरोग्याच्या दृष्टीने ती मोकळ्या जागेचेच काम करते. चिकूची झाडे साधारण दहा मीटर अंतराने लावतात, म्हणजे हेक्टरी शंभर झाडे. हे झाड सदाहरित आणि दीर्घायुषी. आजोबांनी लावलेल्या झाडाचे फळ नातू विकतो. झाडांमधली जमीन पावसाचे पाणी जिरवते. त्या पाण्यावर गोड्या विहिरी टिकतात आणि समुद्राचे खारे पाणी आत सरकण्यास अटकाव होतो. एक वाडी तोडून बंगल्यांचे भूखंड पाडले की मालकाला एका रकमेत पैसा मिळतो. शेजारच्या दहा घरांची विहीर मात्र हळूहळू मचूळ होते आणि ती हानी कोणत्याच खरेदीखतात लिहिली जात नाही. म्हणून वाडी राखणारा बागायतदार हा केवळ आपले उत्पन्न राखत नसतो, हे त्याच्या शेजाऱ्यांनी आणि त्याचा माल घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी ओळखले पाहिजे. चिकूला रास्त भाव मिळाला, वेळेवर उचल झाली, नासाडी कमी झाली तर वाडी विकण्याचा मोह कमी होतो. या बाबतीत पेठेची जबाबदारी प्रत्यक्ष आहे.

अंगण

मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे, हे दोन स्त्रियांनी याच तालुक्यात सिद्ध करून दाखविले. बालशिक्षणाचे कार्य आधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत करून आलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. हरिजनवाड्यातील आणि गरिबांची मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या दारात नेली. झाडाखाली, ओट्यावर, अंगणात बालवाडी भरू लागली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ही कल्पना येथून पुढे गेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे आदिवासी मुलांची निराळी अडचण होती. सहा-सात वर्षांचे मूल झाले की त्याच्या हाती गुरांची काठी येई. गुरे सोडून ते शाळेत बसणार कसे? अनुताईंनी मग ‘कुरणशाळा’ काढली. गुरे चरत असतात तेथेच शिक्षिका जाई आणि गाणी, गोष्टी, मोजणी, निसर्गाची ओळख असे शिक्षण कुरणावरच होई. ज्या कुरणांनी एके काळी वेठ पाहिली होती त्याच कुरणांवर मुले अक्षरे गिरवू लागली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देऊन या कार्याचा गौरव झाला.

वारली समाजाचे खळे हेही असेच अंगण. भात झोडण्याची ही सारवलेली जागा हंगामानंतर तारपा नाचासाठी मोकळी होते. मध्यभागी तारपा वाजविणारा आणि त्याच्याभोवती हात गुंफलेल्या स्त्री-पुरुषांचे वळत जाणारे वेटोळे हे दृश्य डहाणू तालुक्यातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांतून जगभर गेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज अनेक व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यात वारली चित्र असते. त्या चित्रातील वर्तुळाला जागा देणारे खळे पाड्यावर उरले आहे का, हे विचारणे त्या चित्राच्या किमतीइतकेच महत्त्वाचे आहे.

मर्यादेची रेषा

डहाणूच्या दक्षिणेस तारापूर–बोईसरची औद्योगिक वसाहत, उत्तरेस गुजरातेत वापी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यमापनात देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत वापीचा दुसरा क्रमांक होता. २०१८ च्या मूल्यमापनात तारापूर पहिल्या क्रमांकावर होते. या दोहोंच्या मधला पट्टा हिरवा राहिला, त्यास निसर्गापेक्षा एक कायदेशीर रेषा अधिक कारणीभूत आहे.

डहाणूच्या खाडीलगत ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र उभारण्याचे ठरले तेव्हा बागायतदार व पर्यावरणप्रेमी नागरिकांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले. तो दावा टिकला नाही आणि वीजकेंद्र उभे राहिले. परंतु २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित केला. बागा, हिरवे पट्टे आणि आदिवासी क्षेत्रे यांच्या जमिनीचा वापर बदलता येणार नाही आणि तालुक्यात उद्योगांसाठी अधिकाधिक ५०० एकर जमीनच वापरता येईल, असे बंधन तीत होते. बंधनाची अंमलबजावणी होत नाही असे पाहून ‘सँक्च्युअरी’चे संपादक बिट्टू सहगल सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालानंतर त्याच वर्षाच्या डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. जानेवारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी हे काम पाहिले. प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणच्या तेव्हाच्या बंदरप्रकल्पास परवानगी नाकारली, आणि त्याच्याच आग्रहामुळे २००७ मध्ये वीजकेंद्रात धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसली.

या बंधनाविषयी पेठेत नाराजी होती आणि ती समजण्यासारखी आहे. कारखाना वाढविता येत नाही, नव्या पिढीला वापीस, बोईसरला किंवा मुंबईला जावे लागते, असे म्हणणारे व्यापारी कमी नाहीत. २०१३ मध्ये मुंबईची उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली तेव्हा ही ये-जा अधिकच वाढली. त्याचबरोबर डहाणूची हवा, वाडी आणि किनारा यांसाठी सुट्टीच्या दिवशी त्याच गाडीने माणसे येऊ लागली, हेही खरे. मर्यादेने एक धंदा अडविला आणि दुसरा राखला. चोपडीच्या दोन्ही बाजू वाचल्याखेरीज हिशेब पूर्ण होत नाही.

आता ही रेषा बदलली आहे. ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने वाढवण बंदरास सशर्त ना हरकत दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि १०.१४ किलोमीटर लांबीचा लाटरोधक बांध अशी त्याची योजना आहे. मच्छीमार समाजाने त्यास दीर्घकाळ विरोध केला आहे. व्यापारी वर्गात त्याविषयी आशाही आहे. बंदर योग्य की अयोग्य या वादात कोणीही कोणत्याही बाजूस असो, एक परिणाम मात्र निश्चित आहे. गोदामे, वाहनतळ, घरे आणि रस्ते यांसाठी जमिनीची मागणी वाढणार, आणि सर्वांत आधी हात पडतो तो ज्या जागेवर काही बांधलेले नाही अशा जागेवर.

हादऱ्यांनी शिकविलेला धडा

मोकळ्या जागेची किंमत तलासरीकरांना आणि धुंदलवाडी परिसरातील लोकांना एका वेगळ्याच प्रसंगी कळली. नोव्हेंबर २०१८ पासून या भागात भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसू लागले आणि ते पुढे दीर्घकाळ चालू राहिले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. घाबरून घराबाहेर धावताना दोन वर्षांच्या एका बालिकेचा पडून मृत्यू झाला. त्या थंडीच्या दिवसांत कित्येक कुटुंबे रात्री घरात झोपत नव्हती. शासनाने आणि आपत्ती निवारण दलाने तंबू दिले. ते लावले गेले मैदानात, शेतात, शाळेच्या पटांगणात.

पाड्यावर अंगण होते म्हणून माणसे बाहेर येऊन बसू शकली. हाच धक्का रात्री दोन वाजता डहाणू रोडच्या दाट वस्तीत जाणवला, तर चार मजल्यांच्या इमारतीतील म्हातारीकोतारी माणसे आणि तान्ही मुले उतरून कोठे जाणार? जिन्याखाली वाहने, गेटबाहेर दुकानांचे फलक आणि समोर अरुंद रस्ता. शाळेचे मैदान, मंदिर-देरासरांची आवारे, बाजारसमितीचे पटांगण, नगरपरिषदेचे उद्यान या जागा त्या रात्री जीव वाचविणाऱ्या ठरतात. पण त्यांचे दरवाजे उघडे असतील तरच. प्रत्येक सोसायटीच्या आणि प्रत्येक विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एकदा तरी हा विषय निघावयास हवा. कुलपाची किल्ली कोणाकडे असते एवढे जरी ठरले तरी पुष्कळ काम होईल.

पेठेचा वाटा

मोठ्या जागांचे रक्षण कायदा करतो, निदान करू शकतो. किनाऱ्यासाठी सागरी नियमन क्षेत्राचे नियम आहेत. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्यामुळे आदिवासींची जमीन सहजासहजी बिगरआदिवासींकडे जाऊ शकत नाही, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जमिनीविषयी बोलण्याचा अधिकार दिला आहे. परंतु गावातील लहान जागांना, म्हणजे देवळाजवळचा पार, तळ्याचा काठ, नव्या वसाहतीत नकाशावर ‘मोकळी जागा’ म्हणून दाखविलेला तुकडा यांना असा खंबीर रखवालदार नसतो. त्या तुकड्यावर आधी विटांचा ढीग पडतो, मग एक पत्र्याची शेड उभी राहते, आणि काही वर्षांनी येथे पूर्वी मैदान होते हे फक्त वृद्धांना आठवते.

मुंबईचा राजाबाई टॉवर या वाचकांच्या परिचयाचा आहे. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला आणि १८७८ मध्ये पूर्ण झाला. चौविहार पाळणाऱ्या दृष्टिहीन आईला सूर्यास्ताची वेळ घंटानादाने कळावी म्हणून तो बांधला, अशी कथा सांगतात. हा मनोरा आजही दुरून डौलाने दिसतो तो समोरचे ओव्हल मैदान मोकळे राहिले म्हणून. दात्याने मनोरा दिला. मैदान मात्र त्यानंतरच्या अनेक पिढ्यांनी राखले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ते उकिरड्यासारखे झाले तेव्हा परिसरातील रहिवाशांनी पुढाकार घेऊन ते सुधारून घेतले. बांधण्याच्या दानाला संगमरवरी फलक मिळतो. राखण्याच्या दानाला फलक नसतो, परंतु पहिल्या दानाची शोभा दुसऱ्यावर अवलंबून असते.

डहाणू आणि तलासरीतील व्यापारी कुटुंबांनी धर्मशाळा, दवाखाने, शाळा आणि पाणपोया यांसाठी नेहमीच हात सैल सोडला आहे. त्याच परंपरेत आता मोकळ्या जागांना स्थान द्यावयास हवे. नगरपरिषदेकडे आणि ग्रामपंचायतींकडे असलेल्या मोकळ्या भूखंडांची यादी मागवून प्रत्येक जागा प्रत्यक्ष जाऊन पाहता येईल. ज्या वसाहतीत आपले घर वा दुकान आहे तेथील राखीव तुकडा कोणाच्या नावावर आहे, हे उताऱ्यावर तपासता येईल. एखादे उद्यान दत्तक घ्यावयाचे तर तेथे शोभेच्या झुडपांऐवजी वड, पिंपळ, करंज, उंडी, भेंड अशी किनाऱ्याच्या हवेत टिकणारी, सावली देणारी झाडे लावावीत. पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि वृद्धांसाठी पाठ टेकता येईल असे बाक असावेत. झाडे लावण्याच्या समारंभापेक्षा पुढची पाच वर्षे पाणी घालणाऱ्या माळ्याचा पगार हा खर्च अधिक मोलाचा आहे. तो वर्षाच्या आरंभीच वेगळा काढून ठेवावा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट प्रवेशाची. पेठेच्या देणगीतून सजलेल्या बागेत पाड्यावरून बाजाराला आलेली बाई मूल कडेवर घेऊन बसली, तर तिला कोणी उठवू नये. ‘फक्त सभासदांसाठी’ अशी पाटी लागली की मोकळी जागा मोकळी राहत नाही. उषवदाताच्या नावेत बसणाऱ्याला जात-गाव विचारले जात होते असे त्या लेखात कोठेही म्हटलेले नाही. नाव विनामूल्य होती, आणि सभा-पाणपोया दोन्ही तीरांवर होत्या: येणाऱ्यासाठीही आणि जाणाऱ्यासाठीही.

बंदर उभे राहावयास अनेक वर्षे लागतील. तोवर डहाणू रोडच्या पेठेत, जुन्या गावात, तलासरीच्या नाक्यावर आणि बोर्डी-घोलवडच्या वाड्यांत कोणती जागा विकावयाची, कोणती बांधावयाची आणि कोणती तशीच ठेवावयाची, याचे निर्णय घराघरांत होणार आहेत. कुटुंबाची वाटणी करताना जाणते वडील एक लहानसा हिस्सा सामाईक ठेवतात: विहीर, वाट किंवा अंगण. त्यावर कोणी एकट्याने हक्क सांगावयाचा नाही, असे सर्वांसमक्ष ठरते. ही रीत घरात पाळणाऱ्या समाजाला ती गावासाठी पाळणे अवघड जाऊ नये. सामाईक हिस्सा आधी बाजूला काढावा. मग उरलेल्याचा व्यवहार करावा.